कासवाचं तोंड कुठे आहे? पायथनच्या टर्टलने पडद्यावर रेघ मारताना

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या टर्टलमध्ये पडद्यावर एक कासव असतं, आज्ञा दिल्या की ते रेघा मारत चालतं. या कासवाला दोनच गोष्टी ठाऊक असतात: आपण कुठे उभे आहोत आणि आपलं तोंड कुणीकडे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे शेपटाशी बांधलेलं पेन, ते टेकलेलं तरी असतं किंवा उचललेलं तरी. टर्टल ग्राफिक्स म्हणजे या तिघांना हलवणं. नवशिके पहिल्या गोष्टीकडे बारीक लक्ष ठेवतात आणि दुसरी विसरतात. चित्र वाकडं आलं, की बहुतेक वेळा जागा बरोबर असते आणि तोंड चुकलेलं असतं.

ही कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला चाकांवर फिरणारी यांत्रिक कासवं बनवली. १९६७ मध्ये अमेरिकेत वॉली फ्युरझाइग, सीमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला जमिनीवर फिरणारं, पोटाखाली पेन लावलेलं खरंखुरं कासव आलं. ‘पेन वर’, ‘पेन खाली’ या आज्ञा त्या यंत्रातून आल्या आहेत. आपल्याकडच्या शाळांच्या संगणक पुस्तकांतून अनेकांनी एफडी १००, आरटी ९० (शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे) असलं काहीतरी एमएसडब्ल्यूलोगो या लोगोच्या विंडोज-अवतारात केलेलं असतं. पायथनमधलं टर्टल त्याच वंशातलं. फरक आहेत, पण ते ओघात येतील.

टाइप करण्यापूर्वी

इथल्या आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. आकडेही इंग्रजीच (1, 2, 3) हवेत. प्रोग्राममध्ये देवनागरी ९० टाइप केलं, तर पायथन सिंटॅक्स एरर देतं. आपण स्वतः ठेवलेली नावं मात्र (पाकळी, फूल, संख्या वगैरे) देवनागरीत टाइप केली तरी पायथन ३ ची हरकत नसते. त्यात एकच खोच आहे. काही कीबोर्ड ‘र्‍या’सारखं जोडाक्षर बनवताना मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, आणि नावात ते आलं की पायथन अडतं. डोळ्यांना काहीच दिसत नसल्यामुळे ही चूक शोधायला वेळ जातो. नावं साधी ठेवा.

अवतरणचिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून प्रोग्राम उचलून चिकटवला, तर तिथली वळणदार अवतरणं सोबत येतात आणि पहिल्याच ओळीवर घोडं अडतं.

विंडोजवर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचं इन्स्टॉलर वापरलं असेल, तर टर्टल आणि ते ज्याच्यावर चालतं ते टीकिंटर (पडद्यावर खिडक्या उघडणारा पायथनचा भाग) दोन्ही सोबत येतात. उबुंटूवर टीकिंटर सापडत नाही अशी तक्रार आली, तर पायथन३-टीके नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. गुगल कोलॅबमध्ये (ब्राउझरमधून पायथन चालवायची सेवा) टर्टल चालत नाही: तो प्रोग्राम दूरच्या संगणकावर चालतो, त्याला खिडकी उघडायला पडदाच नसतो, म्हणून डिस्प्ले नसल्याची एरर येते.

आयडल (पायथनसोबत येणारी, प्रोग्राम लिहायची खिडकी) उघडा, नवीन फाइल घ्या आणि तिला कोणतंही नाव द्या, फक्त टर्टल हे नाव सोडून. फाइलचं नाव टर्टल डॉट पीवाय ठेवलं, की पायथन खरं टर्टल आणण्याऐवजी तुमचीच फाइल स्वतःमध्ये आणू पाहतं आणि ‘फॉरवर्ड नावाचं काही नाही’ असं सांगतं. वर्गात वीस जण असतील, तर निदान दोघंतिघं हे करतातच. नाव बदलूनही एरर जात नसेल, तर त्याच फोल्डरमध्ये जुनी फाइल अजून पडलेली आहे का ते बघा.

पहिला चौकोन

    फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *
    शेप("टर्टल")
    फॉर आय इन रेंज(४):
        फॉरवर्ड(१००)
        लेफ्ट(९०)
    डन()

फॉर… रेंज(४) म्हणजे खालच्या, आत सरकवलेल्या ओळी चार वेळा करा; अशा फेऱ्यांना लूप म्हणतात. एफ५ दाबलं की खिडकी उघडते. कासव मधोमध, म्हणजे (०, ०) वर, पूर्वेकडे तोंड करून उभं असतं. फॉरवर्ड(१००) म्हणजे १०० पिक्सेल पुढे. लेफ्ट(९०) ने ते जागच्या जागी ९० अंश डावीकडे वळतं. या आज्ञेने एकही रेघ उमटत नाही. लेफ्ट म्हणजे ‘डावीकडे जा’ असं समजून सुरुवात करणाऱ्याला इथेच पहिला धक्का बसतो. डावं-उजवं हे नेहमी कासवाचं, बघणाऱ्याचं नव्हे. कासवाचं तोंड खाली असेल, तर त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते.

शेवटची डन() ही ओळ खिडकी उघडी ठेवते. आयडलमध्ये ती नसली तरी खिडकी टिकते, म्हणून लोक ती गाळतात. मग तोच प्रोग्राम कमांड प्रॉम्प्टवरून चालवला की चित्र पूर्ण होताक्षणी खिडकी नाहीशी होते. ती ओळ कायम लिहा, आणि सगळ्यात शेवटी लिहा. डन() नंतर लिहिलेली आज्ञा खिडकी बंद होईपर्यंत चालत नाही, आणि खिडकी बंद झाल्यावर चालली तर टर्मिनेटर नावाची एरर देते. चित्र चालू असताना मधेच खिडकी बंद केली तरीही हीच एरर येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणखी एक सापळा या पहिल्या ओळीतच आहे. तारा घालून सगळं इम्पोर्ट केल्यामुळे कलर, शेप, लेफ्ट, स्पीड ही सगळी नावं आता टर्टलची आहेत. तुम्ही कुठे कलर = "रेड" असं लिहिलंत, तर ते नाव त्या शब्दाला गेलं. पुढे कलर("ब्लू") म्हणायला गेलात, की ‘स्ट्रिंगला आज्ञा म्हणून बोलावता येत नाही’ अशा अर्थाची एरर येते. स्वतःच्या नावांसाठी रंग, बाजू, कोन असे मराठी शब्द वापरले, की हा प्रश्न उरत नाही.

त्रिकोणात ६० का चालत नाही

चौकोन जमल्यावर सगळे त्रिकोण काढायला जातात. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे सातवीपासून पाठ असतं. म्हणून रेंज(३) आणि लेफ्ट(६०). पडद्यावर येते एक उघडी वाटी: षटकोनाच्या तीन बाजू.

खोलीत फरशीच्या रेघांवर चालून बघा. चौकोनी फरशीच्या कडेने चालताना कोपऱ्यावर आलात, की तुम्ही जिकडे चालला होतात त्या दिशेपासून किती फिरता? ९०. चौकोनात आतला कोन आणि आपलं फिरणं दोन्ही ९०च असल्यामुळे फरक लक्षात येत नाही. त्रिकोणात येतो. आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळावं लागतं १८० वजा ६०, म्हणजे १२०. कासवाला आतला कोन कधी दिसतच नाही. त्याला फक्त आपण किती फिरलो ते कळतं.

यातून पाठ करण्याजोगं एकच सूत्र निघतं. कोणताही बंद, स्वतःला न छेदणारा आकार फिरून कासव मूळ जागी आणि मूळ तोंडावर आलं, तर ते एकूण ३६० अंश फिरलेलं असतं. म्हणून वळण = ३६० भागिले बाजूंची संख्या. पंचकोनाला ७२, षटकोनाला ६०, अष्टकोनाला ४५.

सप्तकोनाला भागाकार जात नाही, ५१.४२ आणि पुढे अपूर्णांक येत राहतो. तिथे लेफ्ट(३६०/७) असंच लिहा, भागाकार संगणकाला करू द्या. हाताने ५१ लिहिलंत, तर सात वळणांत मिळून ३५७ अंशच होतात आणि शेवटची रेघ सुरुवातीच्या टोकाला भेटत नाही. भागाकाराची एकच तिरकी रेघ हवी. दोन तिरक्या रेघा दिल्या तर पायथन अपूर्णांक कापून टाकतं आणि पुन्हा ५१च हाती येतं.

चांदणीत रेघा एकमेकींना छेदतात, त्यामुळे कासव दोन वेढे फिरतं. ७२० भागिले ५ म्हणजे १४४. सात टोकांची चांदणी ७२०/७ नेही होते आणि तीन वेढ्यांच्या १०८०/७ नेही. दुसरी जास्त अणकुचीदार. सहा टोकांची मात्र या युक्तीने होत नाही. ७२० भागिले ६ येतात १२०, आणि १२० म्हणजे त्रिकोण. कासव तोच त्रिकोण मुकाट्याने दोनदा गिरवतं. सहा टोकांची चांदणी हवी असेल, तर दोन त्रिकोण वेगवेगळे काढून एकमेकांवर ठेवावे लागतात.

पेन उचलणं, उडी मारणं, तोंड फिरवणं

पेनअप() नंतर कासव चालतं पण रेघ उमटत नाही. पेनडाउन() ने पुन्हा उमटू लागते. गोटू(एक्स, वाय) कासवाला थेट त्या बिंदूवर नेतं. पेन टेकलेलं असेल, तर जाताना रेघ मारत नेतं, आणि होम() सुद्धा तसंच करतं. चित्रात मधूनच एक तिरकी नको असलेली रेघ दिसली, तर जवळच्या गोटू किंवा होमच्या आधी पेनअप राहिलेलं असतं. याउलट ‘प्रोग्राम चालतोय, कासव फिरतंय, पण काही दिसत नाही’ ही तक्रार आली, तर पेनअपनंतर पेनडाउन राहिलेलं असतं.

गोटू जागा बदलतं, तोंड बदलत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. कासव ईशान्येकडे बघत असताना तुम्ही त्याला डाव्या खालच्या कोपऱ्यात पाठवलंत, तर तिथे पोहोचूनही ते ईशान्येकडेच बघत असतं. पुढचा चौकोन मग तिरका येतो. तोंड ठरावीक दिशेला हवं असेल, तर सेटहेडिंग वापरायचं: ० पूर्व, ९० उत्तर, १८० पश्चिम, २७० दक्षिण. लेफ्ट आणि राइट आहे त्या तोंडापासून मोजतात, सेटहेडिंग मुळापासून. होम() मात्र जागा आणि तोंड दोन्ही मुळावर आणतं.

लोगो शिकून आलेल्यांची इथे गल्लत होते. लोगोत कासव सुरुवातीला वर बघत असतं आणि अंश घड्याळाच्या काट्यांसारखे मोजले जातात. पायथनमध्ये ते गणिताच्या पुस्तकासारखे, पूर्वेकडून सुरू होऊन काट्यांच्या उलट. जुनी सवय सोडवत नसेल, तर मोड("लोगो") लिहा. पण ते अगदी सुरुवातीला, कारण त्या आज्ञेने कासव पुन्हा मूळ जागी जातं. आणि वाय वरच्या दिशेने वाढतो. वेबपेजवर किंवा इतर ग्राफिक्समध्ये तो खाली वाढतो, त्यामुळे तिकडून आलेला माणूस चित्र उलटं काढतो.

वर्तुळ हे वर्तुळ नसतं

सर्कल(१००) लिहिलं की कासव स्वतःभोवती वर्तुळ काढेल असं वाटतं. तसं होत नाही. वर्तुळाचा मध्य कासवाच्या डाव्या हाताला १०० पिक्सेलवर असतो आणि कासव परिघावर उभं असतं. म्हणून एकाच जागेवरून सर्कल(५०), सर्कल(१००), सर्कल(१५०) काढली, तर एकात एक रिंगणं येत नाहीत. तिन्ही वर्तुळं एका बिंदूत चिकटलेली दिसतात. एककेंद्री वर्तुळं हवी असतील, तर प्रत्येक वेळी पेन उचलून गोटू(०, -त्रिज्या) वर जा, सेटहेडिंग(०) करा आणि मग सर्कल द्या. त्रिज्या ऋण दिली तर मध्य उजव्या हाताला जातो.

दुसरा आकडा दिला तर तेवढाच कंस: सर्कल(१००, ६०) म्हणजे साठ अंशांचा तुकडा. कंस संपतो तेव्हा कासवाचं तोंडही साठ अंशांनी फिरलेलं असतं, हे पुढे कामाला येईल.

तिसरा आकडा फार कमी लोक वापरतात, आणि चित्राची सफाई त्याच्यावर असते. टर्टल खरं वर्तुळ काढतच नाही. ते बऱ्याच बाजूंचा बहुभुज काढतं आणि किती बाजू घ्यायच्या ते त्रिज्येवरून स्वतः ठरवतं. त्रिज्या १०० असेल तर पूर्ण वर्तुळाला २८ बाजू. कितीही मोठं वर्तुळ असलं तरी जास्तीत जास्त ६०. त्रिज्या ४०० चं वर्तुळ घेतलं, तर प्रत्येक बाजू ४० पिक्सेलपेक्षा लांब होते आणि कोपरे डोळ्यांना दिसतात. लहान कंसांचं आणखी वाईट: त्रिज्या ४० चा साठ अंशांचा कंस फक्त तीन सरळ तुकड्यांत निघतो. सर्कल(४०, ६०, १२) लिहिलं की तोच कंस बारा तुकड्यांत येतो आणि गोलाई खरी वाटते.

ठिपक्यांची रांगोळी

आता हे सगळं एकत्र आणू. इथले तुकडे एकाच फाइलमध्ये, इम्पोर्टच्या ओळीनंतर आणि डन() च्या आधी लिहायचे. मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली ६, ५, ४. पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे. एकूण ३७. दोन ठिपक्यांतलं अंतर ४० ठेवलं, तर ओळींमधलं अंतर ४० नसतं. तिरकस शेजारीही बरोबर ४० वर यायला हवा, म्हणून ओळींमधलं अंतर ४० गुणिले ०.८६६, म्हणजे ३४.६४. हातानं रांगोळी काढणारी बाई हे गणित न करता दोन ओळी जरा जवळ घेते. कासवाला सांगावं लागतं.

    पेनअप()
    फॉर ओळ इन रेंज(-३, ४):
        संख्या = ७ - एबीएस(ओळ)
        डावा = -(संख्या - १) * २०
        फॉर आय इन रेंज(संख्या):
            गोटू(डावा + आय * ४०, ओळ * ३४.६४)
            डॉट(६)

डॉट पेन उचललेलं असतानाही उमटतो, त्यामुळे दर ठिपक्याला पेन वर-खाली करायची गरज नाही. एबीएस आकड्याचं उणे चिन्ह काढून टाकतं. रेंज(-३, ४) मध्ये ४ येत नाही, ३ वर थांबतो. तिथे ३ लिहिलंत तर सगळ्यात वरची ओळ गायब होते.

आता पाकळी. पाकळी म्हणजे एकमेकांकडे तोंड केलेले दोन कंस. डेफ लिहून आपण स्वतःची नवी आज्ञा बनवतो.

    डेफ पाकळी(लांबी):
        राइट(३०)
        फॉर आय इन रेंज(२):
            सर्कल(लांबी, ६०, १२)
            लेफ्ट(१२०)
        लेफ्ट(३०)

हिशेब मांडून बघा. साठ अंशांचा कंस, मग १२० चं वळण, पुन्हा साठ, पुन्हा १२०: एकूण ३६०. कासव निघालं तिथे, निघालं त्याच तोंडाने परत. साठ अंशांच्या कंसाची दोन टोकं त्रिज्येइतक्याच अंतरावर असतात, म्हणून त्रिज्या ४० दिली की पाकळीही नेमकी ४० लांब होते आणि टोक शेजारच्या ठिपक्यावर टेकतं. सुरुवातीचं राइट(३०) यासाठी, की कंसाचं टोक कासवाच्या तोंडापासून तीस अंश डावीकडे पडतं. आधीच तीस उजवीकडे वळलं की पाकळी सरळ तोंडाच्या दिशेने उभी राहते.

शेवटचं लेफ्ट(३०) गाळलं तरी एकटी पाकळी बरोबरच दिसेल. म्हणूनच ते गाळलं जातं. चूक उघडी पडते ती फूल काढताना:

    डेफ फूल(लांबी):
        फॉर आय इन रेंज(६):
            पाकळी(लांबी)
            लेफ्ट(६०)

लेफ्ट(३०) नसेल, तर दर पाकळीनंतर कासव ६० ऐवजी ३० अंशच फिरतं आणि सहाही पाकळ्या एका बाजूला गर्दी करतात. दुरुस्तीसाठी लोक फूलमधला ६० बदलून ९० करतात. फूल दिसायला ठीक होतं, पण पाकळी ही आज्ञा नासकीच राहते आणि पुढच्या चित्रात पुन्हा छळते. स्वतः बनवलेल्या प्रत्येक आज्ञेला हा नियम लावा: कासव ज्या जागी, ज्या तोंडाने हातात घेतलं, तसंच परत ठेवायचं. उसनी आणलेली कढई घासून देतात तसं. हा एक नियम पाळला, तर आज्ञा कुठेही, कितीही वेळा वापरता येते.

पाकळ्या आठ हव्या असतील, तर नुसतं लेफ्ट(४५) करून चालत नाही. साठ अंशांच्या कंसाची पाकळी टोकाशी साठ अंश रुंद असते. सहा पाकळ्यांचे साठ गुणिले सहा बरोबर ३६० होतात म्हणून त्या एकमेकींना चिकटून बसतात. आठ पाकळ्यांना कंस ४५ चा, वळण १३५ चं आणि सुरुवातीचं राइट त्याच्या निम्मं, २२.५. मग पाकळी त्रिज्येपेक्षा आखूड होते, साधारण ०.७६५ पट.

आता सात फुलं: एक मधे आणि सहा भोवती. भोवतालची फुलं शेजारच्या ठिपक्यावर ठेवू नका, पाकळ्या एकमेकींवर चढतील. त्यांची जागा एक सोडून तिरक्या ठिपक्यावर, मधल्यापासून ६९.२८ अंतरावर (४० गुणिले वर्गमूळ तीन), ३०, ९०, १५० अशा दिशांना.

    पेनडाउन()
    होम()
    फूल(४०)
    फॉर के इन रेंज(६):
        पेनअप()
        होम()
        सेटहेडिंग(३० + ६० * के)
        फॉरवर्ड(६९.२८)
        सेटहेडिंग(०)
        पेनडाउन()
        फूल(४०)

यात मुद्दाम एक चूक ठेवली आहे. ठिपके काढून झाल्यावर कासव शेवटच्या ठिपक्यावर, वर उजवीकडे उभं असतं. पेनडाउन() आधी आणि होम() नंतर आल्यामुळे तिथून मध्यापर्यंत एक रेघ ओढली जाते. या दोन ओळींची अदलाबदल करा, रेघ जाईल. लूपमध्ये क्रम बरोबर आहे, तो ताडून बघा.

आता दुसरा प्रयोग: लूपमधलं सेटहेडिंग(०) काढून टाका. सहाही फुलं बरोबर ठिपक्यांवरच येतात, पण प्रत्येक फूल तीस अंशांनी फिरलेलं, पाकळ्यांची टोकं ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. जागा बरोबर, तोंड चुकलेलं.

रंग भरणं

बिगिन_फिल() आणि एंड_फिल() यांच्या मधे काढलेला आकार फिलकलर ने भरला जातो. एंड_फिल विसरलात तर एरर येत नाही, फक्त रंगही येत नाही. प्रत्येक पाकळी स्वतंत्र भरा. पूर्ण फूल एकाच फिलमध्ये भरलं तरी इथे चालून जातं, कारण पाकळ्या एकमेकींवर चढत नाहीत. पण रेघा छेदत असतील तिथे भरवसा नाही: पंचकोनी चांदणीचं पोट एका संगणकावर रंगतं आणि दुसऱ्यावर पांढरं राहतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून आहे, तुमच्या प्रोग्रामवर नाही.

रंग आकड्यांत द्यायचा असेल, तर आधी कलरमोड(२५५) लिहा. ते न लिहिता कलर(२५५, १२८, ०) दिलं तर ‘बॅड कलर सिक्वेन्स’ येतं, कारण मुळात टर्टल ० ते १ मधले अपूर्णांक धरून बसलेलं असतं.

वेग

स्पीड १ सगळ्यात संथ, १० जलद, आणि ० त्याहूनही जलद, कारण ० म्हणजे चालणं दाखवूच नका. न सांगितल्यास वेग ३ असतो. स्पीड(५०) लिहिणाऱ्याला वाटतं आपण भन्नाट वेग दिला. १० च्या वरचा आकडा टर्टल गुपचूप ० करून टाकतं. मोठ्या चित्राला तोही पुरत नाही. तिथे सुरुवातीला ट्रेसर(०), म्हणजे मधलं काही दाखवू नका, आणि शेवटी, डन() च्या आधी, अपडेट(), म्हणजे आता सगळं एकदम दाखवा. अपडेट राहिलं तर खिडकी कोरी किंवा अर्धवट राहते. चूक शोधत असाल, तेव्हा मात्र ट्रेसर काढा आणि स्पीड(१) ठेवून कासवाकडे बघत बसा. तोंड नेमकं कुठे चुकतंय ते दिसतं.

कासव कीबोर्डवर चालवणं

    डेफ पुढे():
        फॉरवर्ड(१०)
    डेफ डावीकडे():
        लेफ्ट(१५)
    डेफ उजवीकडे():
        राइट(१५)
    डेफ पेन_बदल():
        इफ इजडाउन():
            पेनअप()
        एल्स:
            पेनडाउन()
    ऑनकीप्रेस(पुढे, "अप")
    ऑनकीप्रेस(डावीकडे, "लेफ्ट")
    ऑनकीप्रेस(उजवीकडे, "राइट")
    ऑनकी(पेन_बदल, "स्पेस")
    ऑनकी(अनडू, "यू")
    लिसन()
    डन()

कळांची नावं नेमकी लागतात. बाणांच्या कळांचं पहिलं अक्षर कॅपिटल, स्पेसचं लहान. बाणाचं नाव लहान अक्षरात दिलं, तर टीकिंटर ‘अशी कळ नाही’ म्हणून एरर देतं. साध्या अक्षराच्या कळेत लहान-मोठं वेगळं धरलं जातं, म्हणून कॅप्स लॉक चालू राहिलं की यू दाबूनही काही होत नाही.

ऑनकीप्रेस(पुढे, "अप") मध्ये पुढे नंतर कंस नाहीत. कंस दिले, तर ती आज्ञा तिथल्या तिथे एकदा चालते आणि कळेला काहीच बांधलं जात नाही. ऑनकी कळ सोडल्यावर चालतं, ऑनकीप्रेस दाबल्यावर. कळ दाबून धरली की कासव चालत राहावं असं वाटत असेल, तर ऑनकीप्रेसच हवं. पेन वर-खाली करण्यासारख्या गोष्टीला मात्र ऑनकी बरं, नाहीतर कळ जरा जास्त वेळ दाबली गेली की पेन फडफडतं.

सगळं बरोबर लिहूनही कासव हलत नसेल, तर आधी लिसन() आहे का ते बघा, मग कासवाच्या खिडकीवर एकदा क्लिक करा. कळा ज्या खिडकीत लक्ष आहे तिला जातात, आणि बरेचदा ते लक्ष अजून आयडलवरच असतं.

माउसने हवं असेल, तर ऑनस्क्रीनक्लिक(गोटू) एवढं पुरतं: जिथे क्लिक कराल तिथे कासव रेघ मारत जातं, कारण क्लिकबरोबर एक्स आणि वाय आपोआप मिळतात आणि गोटूला तेच दोन लागतात. कासवाचं तोंडही त्या दिशेला वळायला हवं असेल, तर मधे आपली एक आज्ञा घाला:

    डेफ तिकडे(एक्स, वाय):
        सेटहेडिंग(टुवर्ड्स(एक्स, वाय))
        गोटू(एक्स, वाय)
    ऑनस्क्रीनक्लिक(तिकडे)

या ओळी डन() च्या आधी घाला. नुसतं ऑनस्क्रीनक्लिक(गोटू) वापरून दोनचार क्लिक करा आणि मग वरचा बाण दाबा: कासव भलत्याच दिशेला चालू लागेल. तिकडे वापरून तेच करा, ते शेवटच्या रेघेच्याच ओळीत पुढे जाईल.

हाताने काढलेलं पुसायचं असेल, तर क्लिअर() रेघा पुसतं पण कासव आहे तिथेच राहतं; रीसेट() रेघाही पुसतं आणि कासवालाही मध्यावर, पूर्वेकडे तोंड करून आणतं.